माझं वाक्य, आबांचं नाव

गेल्या जत्रेत आखाड्याच्या तोंडाशी एक फ्लेक्स लागला. त्यावर माझ्या वडिलांचा, म्हणजे आबांचा, पिळदार मिशांचा फोटो आणि शेजारी एक वाक्य: ‘बाईचं ताक मातीला चालतं, तर बाईचा पाय का चालत नाही?’ खाली आबांचं नाव. वाक्य माझं होतं. तेराव्या वर्षी मी ते बोलले होते, आणि बोलले होते आबांच्याच तोंडावर. फ्लेक्स बघून माझं डोकं सणकलं.

आबा नावाजलेले पैलवान. कुस्तीवरच त्यांनी घर चालवलं. गेवराईपासून पार सिरसाळ्यापर्यंत त्यांचं नाव. ते गेले आणि मोबाइलवर त्यांचे सुविचार उगवायला लागले. ‘घाम हाच खरा दागिना’ काय, ‘आई हीच पहिली तालीम’ काय! उचलली जीभ, लावली टाळ्याला. मी प्रत्येकाच्या खाली विचारायची, हे ते कुठं म्हणाले, कुणाला म्हणाले? बाप दाखव, नाहीतर श्राद्ध कर. त्यापायी मला दोनदा ग्रुपमधून काढून टाकलं. आबा असं घडीव बोलणारे नव्हतेच. हरलेल्याला ते म्हणायचे, “आधी जेव.” जिंकलेल्याला म्हणायचे, “माती झटक अन् घरी जा.” आणि फुशारकी मारणाऱ्याला, “कुस्ती तोंडानं खेळत न्हाईत बे.” ही त्यांची खरी वाक्यं. असल्या दहा सुविचारांवर मी त्यातलं एक ओवाळून टाकणार नाही.

तालमीतली तांबडी माती मऊ राहावी म्हणून तिच्यात ताक, तेल, हळद घालतात. ताक आई आणि मी घुसळायचो, हळदही आम्हीच कुटायचो. सकाळी ताकाची कळशी तालमीच्या उंबऱ्यावर नेऊन ठेवायची, एवढंच माझं काम. आत पोरीबाळींना मज्जाव. मी कळशी ठेवून लगेच परतत नसे. दाराशी उभी राहून डाव बघायची. एका सकाळी न राहवून विचारलंच, “आबा, माझं ताक मातीला चालतं, मग माझा पाय कावून चालत न्हाई?”

आतली कुस्ती थांबली. आबा म्हणाले, “परत ह्या उंबऱ्याला दिसलीस तर तंगडं मोडीन.” हेही त्यांचं खरं वाक्य, पण ते कुणी फ्लेक्सवर छापत नाही. दुसऱ्या दिवसापासून तालमीचं ताक शेजारच्या घरून जायला लागलं. दोन थोबाडीत मारल्या असत्या तर मी विसरून गेले असते. आमचं ताक बंद केलं, ते अजून सलतं.

मग माझं वाक्य त्यांच्या नावावर गेलं कसं? त्यांनीच नेलं. गेवराईच्या स्टँडजवळ चहाला बसले की ते पठ्ठ्यांना हसत हसत हा किस्सा सांगायचे, पोरीला काय तोंड हाय म्हणून. ऐकणाऱ्यांच्या ध्यानात वाक्य राहिलं, पोरगी गळून पडली. कुणी मुद्दाम चोरी केली असं मी म्हणणार नाही, पण वस्तू तर माझीच गेली ना!

जत्रा कमिटीचे अध्यक्ष आबांचेच पठ्ठे. गावच्या आखाड्यात पहिल्यांदा मुलींची कुस्ती लावायची म्हणून ते घरोघरी फिरले आणि जुन्या माणसांना त्यांनी ह्याच वाक्यावर राजी केलं. खुद्द पैलवान असं म्हणून गेलेत, मग आपण कोण अडवणारे? लढणार होती माझी भाची. नवरा गेल्यापासून मी माहेरीच असते, शेळ्या राखते. दाराशी उभं राहून बघितलेले डाव मी ह्या पोरीला गोठ्यामागच्या वाळूत शिकवले होते. कुस्तीच्या आधी अध्यक्ष मला म्हणाले, “ताई, दोन शब्द बोला. आबा तुमाला हे कसं म्हणले, तेवढं सांगा.”

मी भाचीला बाजूला घेतलं आणि सांगितलं की मी खोटं बोलणार नाही. ती रडकुंडीला आली. “आत्या, आजच्या दिस गप बस ना! कुस्ती मोडली म्हंजे?”

तिचं चूक नव्हतं. खरं बोलले तर पोरीची कुस्ती जाणार, आणि खोटं बोलले तर माझं वाक्य मी माझ्याच तोंडानं आबांना देऊन टाकणार. पण चाळीस वर्षं गप बसून मला मिळालं काय होतं? हा फ्लेक्स.

मी माइक घेतला. “हे वाक्य आबांचं न्हाई, माझं हाय. मी हे इचारलं तवा आबा मला तंगडं मोडीन म्हणलते. माझा बाप लई मोठा पैलवान व्हता, पण इथं चुकला.”

अध्यक्षांनी झटकन माइकवर हात ठेवला. “ताई, हे काय केलंत? मी लोकांना आबांचा शब्द सांगितलाय. आता कुस्ती कुणाच्या शब्दावर लावू?”

मी त्यांचा हात बाजूला केला. “माझ्या. न्हाई लावायची तर लोकांना तसं सांगा. मेलेल्या पैलवानाचं म्हणून चालत व्हतं, जित्या बाईचं म्हणून चालत न्हाई.”

पुढच्या रांगेतला एक म्हातारा उठून चालायला लागला, त्याच्यामागं आणखी चार-पाच. बाकीचे बसून राहिले. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत उभ्या असलेल्या बायकांतून कुणीतरी ओरडलं, “लावा की कुस्ती!” अध्यक्षांनी कपाळाचा घाम पुसला आणि हलगीवाल्याला खूण केली.

भाची आखाड्यात उतरली. आमच्याकडं सलामीआधी निवेदक मल्लाला त्याच्या वस्तादाचं नाव विचारतो आणि सगळ्यांना ऐकवतो. तिला आबांचं नाव सांगायला पढवलेलं होतं. निवेदकानं माइक पुढं धरला, “कुणाची पठ्ठी?”

ती माझ्यावर भयंकर चिडली होती, माझ्याकडं बघायलाही तयार नव्हती. “आत्याची,” ती म्हणाली.

निवेदकाला ऐकू गेलं नाही, की ऐकायचंच नव्हतं, कोण जाणे. त्यानं पुन्हा विचारलं. तेव्हा तिनं माइकच त्याच्या हातातून ओढून घेतला आणि सगळ्या गावाला ऐकू जाईल असं ओरडली, “आत्याची!”