सरकवलेलं ताट

वहिनींनी हमसचं ताट दोन बोटांनी आईकडे सरकवलं आणि वेटरला म्हणाल्या, "वन मोअर प्लीज. फ्रेश."

ताट जवळजवळ भरलेलं होतं. आईने त्यात एकच घास बुडवला होता.

वेटर गोंधळला. "मॅडम, इदु एल्लारुक्कुम." हे सगळ्यांसाठीच असतं, म्हणाला. वहिनींना तमिळ चांगलं कळतं. त्या मेनूकार्ड वाचत बसल्या.

चेन्नईच्या नुंगमबाक्कममधलं लेबनीज हॉटेल. साहेब म्हणजे इरुंगाट्टुकोट्टैच्या आमच्या कारखान्याचे प्लांट हेड, पुण्याचे. वहिनी त्यांच्या बायको. मी त्यांच्या हाताखाली क्वालिटीत. माझी आई गावाहून आलीय म्हणून त्यांनीच जेवायला बोलावलं होतं. गाडीत वहिनी सांगत होत्या, "तिथे सगळं ऑथेंटिक. एकाच ताटातून सगळ्यांनी रोटी तोडून खायचं. किती छान पद्धत ना!" साहेबांनी तर अर्धी खाल्लेली रोटी पुन्हा पुन्हा बुडवली. आई अजून बुजून बसली होती.

ताट सरकवण्याच्या जरा आधी वहिनींनी विचारलं होतं, "काकू, कराडजवळ कुठे घर तुमचं? गावात की मळ्यात?"

"बौद्धवाड्यात," आई म्हणाली. साधा पत्ता सांगावा तशी. आणि धीर करून रोटी बुडवली. "हरभरंच हाय की गं हे वाटल्यालं!" हसली.

हसणारी ती एकटीच. तेव्हाच वहिनींनी ताट सरकवलं.

मी इतकी वर्षं चेन्नईत 'कराडकडची' म्हणून राहिले. आडनाव असं की कुठेही खपतं. जयंतीसाठी गावी जायला जोडून सुट्टी घेते ती तापाच्या नावाने. आईने एका शब्दात सगळं उघडं केलं, आणि मला राग आला. वहिनींचा नाही. आईचा. लाज वाटते लिहायला, पण तोंडातून निघालं ते हे:

"सॉरी हं वहिनी. आईला सवय नाही अशा ठिकाणची."

खोटं बोलले. आमच्या घरी सगळे एकाच परातीत जेवायचो. सवय असलेल्या त्या टेबलावर आम्ही दोघीच होतो.

आईने हात मांडीवर घेतला. नवं ताट आलं. वहिनी मला म्हणाल्या, "तू घे ना ह्यातलं. तू काय, आमचीच."

आणि माझा हात गेला. खरंच गेला.

तेवढ्यात आई पाणी प्यायली. ग्लास ओठांना न लावता, मान मागे टाकून, वरून. घरी ती अशी कधीच पीत नाही. तिच्या लहानपणी पाटलाच्या दारात प्यावं लागायचं तसं ती त्या एसी हॉटेलात प्यायली. कुणी सांगितलं नव्हतं. मी सांगितलं होतं, त्या सॉरीने.

मी रोटी खाली ठेवली.

"वहिनी, ताट का बदललंत?"

"अगं, हायजीन."

"साहेब मघापासून उष्टी रोटी बुडवतायत. तेव्हा नाही बदललंत."

साहेब म्हणाले, "विषय कुठे नेतेस? मी असलं काही मानत नाही."

"मग ह्यातलं खा." मी आईचं ताट उचलून त्यांच्यापुढे ठेवलं.

त्यांनी मोबाइल हातात घेतला. रोटी नाही घेतली. मी आईला उठवलं आणि आम्ही बाहेर पडलो.

रिक्षात मी म्हटलं, "आई, चुकलं माझं."

ती बाहेर बघत होती. "त्यांचं सोड. ती परकी मानसं. तू कशाची माफी मागितलीस?"

तिने माफ केलं नाही, आणि मीही माफी मागत बसणार नाही.

उद्या सोमवार. कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये साहेबांच्याच टेबलावर बसणार आहे. गाव विचारलं तर वाड्यासकट सांगेन. नाही विचारलं तरी सांगेन. ज्याला ताट बदलायचंय, त्याने माझ्या डोळ्यांत बघून बदलावं.