मागचं बघणारी बाई

सोलापूर स्टेशनात गाडी थांबली की सायकलचा पंप तळहातावर आपटत बाई ब्रेकव्हॅनसमोर, सामानाच्या डब्यापाशी, उभ्या राहायच्या. "हळू उतरव रे. संसार हाय त्यो आमचा." एकदा एका हमालाने सायकल फेकली, तर त्याच्या मनगटावर पंपाचा असा तडाखा बसला की ते सुजलं. मग त्यालाच चहा पाजून त्या हळद लावत बसल्या.

मी तिथे पार्सल क्लार्क होतो. बाईंचे यजमान गिरणीतून निवृत्त झालेले जॉबर, कामगारांवरचे मुकादम. मूलबाळ नाही. सायकल बुक करायची, रेल्वेने एखाद्या लहान स्टेशनात उतरायचं आणि तिथून डबलसीट गावं हिंडायची. सायकलवरची म्हातारी जोडपी तुम्हीही पाहिली असतील. पण बाई कॅरिअरवर उलट्या, नवऱ्याच्या पाठीला पाठ लावून बसत.

"पुढचं ह्यांनी बघायचं, मागचं मी. काय चुकत न्हाय मग."

"मागनं नुसते हुकूम सुटतात, बाबू," यजमान म्हणत. "गिरणीतला साहेब बरा होता की."

ज्या घरी पाणी मिळेल, तिथल्या पोराला पुढच्या दांडीवर बसवून वेशीपर्यंत फेरी द्यायची, हा त्यांचा शिरस्ता होता.

दुष्काळाच्या वर्षी पोरं पळवणाऱ्या टोळीची अफवा जिल्ह्यात पसरली. मी दोघांना सावध केलं. त्या हसल्या. "ह्या वयात पोर पळवून काय करू, बाबू? अंगाई म्हणता म्हणता मलाच झोप लागंल." वर मलाच आग्रह, की या रविवारी तुम्हीही चला. मी माझी सायकल घेऊन गेलो.

त्या दिवशी मी मागे होतो, त्यामुळे वाटभर त्यांचं तोंड माझ्याकडे. एका गावात एका चिमुरडीने पाणी दिलं. तिची आई गावाबाहेर दुष्काळी कामावर खडी फोडत होती. "आयकडं सोडा की," पोरगी म्हणाली. यजमानांनी तिला दांडीवर घेतलं. वाऱ्याने तिला डुलकी लागली.

रस्त्याच्या कामावर कुणीतरी ओरडलं, "पोरगी न्हेली!" पहिला दगड यजमानांच्या कानशिलावर बसला. सायकल कोसळली, पोरगी जागी होऊन रडायला लागली, आणि ते रडणंच लोकांना पुरावा वाटलं. पोरीला मार लागू नये म्हणून यजमानांनी तिला पोटाशी धरलं. लोकांना वाटलं, सोडत नाही. मग खडी फोडायचे हातोडे त्यांच्या पाठीवर पडू लागले. हाड मोडल्याचा आवाज मला लांबून ऐकू आला.

पहार घेतलेला एकजण माझ्याकडे आला. "तू ह्यांच्यातला का?"

"नाही," मी म्हणालो. "मी रेल्वेचा. ओळखत नाही यांना."

गर्दीतून त्या माझ्याकडेच बघत होत्या. मग वाकून त्यांनी सायकलचा पंप ओढून काढला आणि नवऱ्यावर आडव्या उभ्या राहिल्या. एकाचे दात पडलेले मी पाहिले. त्यांचा हात मोडलेला पाहिला. आणि मी सायकल वळवली.

पुढचं मला नंतर कळलं. पोरीची आई धावत आली, पोरगी बोलली, तेव्हा हातोडे थांबले. यजमान दवाखान्यात शुद्धीवर आलेच नाहीत.

सोलापुरात बोलवा झाली ती वेगळीच. म्हातारीनेच आधी पंप चालवला, म्हणून लोक चवताळले. पोलिसांनी स्टेशनात चौकशी केली, तेव्हा मी त्यांना हमालाच्या मनगटाची गोष्ट सांगितली. आपण तिथे होतो, हे सांगितलं नाही. नवऱ्याला बायकोच्या तापटपणाने खाल्लं, असं त्या मरेपर्यंत लोक बोलत राहिले. आता त्याही नाहीत, म्हणून लिहितो. पहिला दगड पडला तेव्हा पंप सायकलला अडकवलेला होता.

त्या प्रसंगानंतर बाई स्टेशनात एकदाच आल्या होत्या, वाकडी झालेली सायकल घेऊन. ती भावाच्या गावी न्यायची होती. हात गळ्यात बांधलेला. मी लेबल बांधत होतो, पण गाठ बसेना.

"बाई, त्या दिवशी मी..."

"बांधा तुमी," त्या म्हणाल्या. "मागचं मीच बघत हुते की."

हमालाने सायकल अलगद चढवली. त्या खिडकीशी बसल्या, इंजिनाकडे पाठ करून. गाडी हलली. त्यांनी मान वळवली नाही. मी फलाटावर उभा होतो, आणि दिसेनासा होईपर्यंत त्या माझ्याकडे बघत होत्या.