मैनेचा मागचा डावा पाय

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आईला नाही, आणि जिला सांगायला हवं होतं त्या सानिकाला तर नाहीच. खरं म्हणजे मला तिच्या उपकारांबद्दल बोलायचंय — पण ते सांगायचे तर आधी माझं सांगावं लागतं, आणि तिथेच दरवेळी गाडी अडते.

पनवेलच्या बाहेर एक तबेला आहे. म्हाताऱ्या, जखमी, मालकांनी सोडून दिलेल्या घोड्यांचा. वैशालीताई तो चालवतात. अकरावीत असताना मी सुट्टीच्या दिवशी खारघरहून तिथे जायचे. जुन्या मुलांनी नव्या मुलांना शिकवायचं, अशी तिथली पद्धत. शिकवणाऱ्याने हात पाठीमागे बांधून उभं राहायचं, फक्त तोंडाने सांगायचं. तुम्हीच करायला लागलात तर ती कधी शिकणार, असं वैशालीताई म्हणायच्या.

मला ही पद्धत फार आवडायची. का, ते सांगते.

मैना ही वरातीतली पांढरी घोडी. एकदा खूर साफ करायला मी तिचा मागचा पाय धरला आणि तिने लाथ झाडली. मला लागली नाही, पण शेजारच्या बादलीचे तुकडे झाले. कुणी पाहिलं नव्हतं. पुढच्याच खेपेला मी वैशालीताईंना म्हटलं, मला नव्या मुलांना शिकवायचंय. त्यांना किती कौतुक वाटलं! आणि मला? हात पाठीमागे बांधायला मिळाले, बस्स.

सानिका माझ्याच वयाची, करंजाडे गावातली. मी सांगायचे, ती करायची. घोडीच्या शेपटीकडे तोंड करून उभी राहा, पाठीवरून हात खाली आणत जा, खुरातली माती आकड्याने टाचेकडून पुढे काढ. सगळं बरोबर सांगायचे हो मी! ती सगळ्यांना सांगत फिरायची की असं शिकवणारं कुणी भेटलं नव्हतं. मी ते ऐकून घ्यायचे. चक्क आवडायचं मला.

मग तिच्या चुलतभावाची हळद आली. गावातली हळद म्हणजे घरच्या मुलीला सुट्टी कुठली? जाताना म्हणाली, "उद्या मैनेचे पाय तू बघ. तुला काय सांगायचं, तूच तर शिकवलंस."

मी पुढचे दोन पाय साफ केले. मागे गेले — तिने शेपूट झटकली, आणि मी आकडा खिळ्याला अडकवून ठेवला. वैशालीताईंनी लांबूनच विचारलं, "चारही झाले का गं?"

"हो," म्हणाले. एवढंच. इतकं सहज बोलले की आजही ते आठवतं.

काही दिवसांनी मैना मागचा डावा पाय टेकेना. खडीचा तुकडा खुरात इतका खोल रुतला होता की वरून दिसत नव्हता, आणि आत पू झाला होता. पाय गेला तर घोडं उभं राहत नाही, आणि उभं राहिलं नाही तर जगत नाही — हे मी दर नव्या मुलाला पहिल्याच दिवशी सांगायचे.

वैशालीताईंनी विचारलं तेव्हा सानिकाच पुढे झाली. "खडा माझ्याच हातून रायला असल, ताई. हिच्या हातून नाय सुटायचा." मी तिथेच उभी होते, अगदी शेजारी. सांगायला कितीसा वेळ लागला असता? मी जमिनीकडे बघत राहिले. वैशालीताईंनी सानिकाचं खुरांचं काम काढून घेतलं आणि तिला लीद उचलायला लावलं.

तरी ती रोज सकाळी कॉलेजच्या आधी यायची. एवढं मात्र तिने वैशालीताईंकडून मागून घेतलं होतं — मैनेचा पाय कोमट मिठाच्या पाण्यात धरून बसायचं. तिच्याशी गप्पा मारायची, हळदीतली गाणी म्हणायची. सुट्टीच्या दिवशी मी पाणी गरम करून आणायचे आणि मैनेच्या खांद्यापाशी थांबायचे. तिथून मागच्या पायांकडे नाही.

मैना वाचली. पाय नीट टेकायला लागली त्या दिवशी मी चाऱ्याच्या ढिगामागे जाऊन रडले.

सानिकाला पुन्हा खुरांचं काम मिळालं, तर ती माझ्याकडे आली. "माझा माझ्यावर भरोसा नाय रायला. तू एकदा करून दाखव, मी बघते." आणि तिने हात पाठीमागे बांधले.

आता पळणार कुठे? मी मैनेच्या मागच्या डाव्या पायाच्या बाजूला उभी राहिले. पाठीवरून हात खाली नेत गेले. तो गुडघ्यापर्यंत पोचण्याआधीच मैनेने पाय आपणहून उचलून दिला. अलगद, ओळखीच्या माणसाला द्यावा तसा.

ती सवय सानिकाने लावली होती. पाण्याच्या त्या बादलीपाशी रोज बसून, माझी चूक स्वतःची समजून. माझी भीती त्या सकाळी गेली ती कायमची. आजही मी तिथे जाते, चारही पाय उचलते, मागच्या डाव्यापासून सुरुवात करते. घोड्यांजवळ मला जे काही सुख मिळालं, ते तिने दिलेलं आहे.

पाय माझ्या हातात होता तेव्हा सानिका आनंदाने म्हणाली, "बघ! तुझ्या हाताला कशी लगेच देते."

मी "थँक्यू" म्हणाले. तिला वाटलं, कौतुकाबद्दल म्हणतेय. मी ते तसंच राहू दिलं.