देवकते मॅडमचा तास

आमच्या शाळेत कुणी मुलांना अभ्यासाचं विचारी, कुणी गणवेशाचं. देवकते मॅडम एकच विचारायच्या. सकाळी फाटकापाशी उभ्या राहायच्या, समोरून येणाऱ्या मुलाच्या किंवा मुलीच्या कॉलरच्या आत मागून एक बोट घालायच्या आणि म्हणायच्या, "काल घाम कधी आला होता?"

मुलं हसायची. माझी मुलगी मनवा तेव्हा आठवीत होती. ती एकदा म्हणाली, "मॅडम, घाम तर वर्गात बसल्या बसल्यापण येतो." सेलूचा जून म्हणजे तिचं काही चूक नव्हतं. देवकते मॅडम म्हणाल्या, "तो उन्हानं काढलेला घाम. मी तुझा तू काढलेला इचारायले." खरं सांगायचं तर तसा घाम शाळेतल्या निम्म्या मुलांनी काढलेलाच नव्हता.

त्या आमच्याकडे शारीरिक शिक्षणाच्या शिक्षिका म्हणून आल्या तेव्हा तिशी ओलांडलेल्या होत्या. काटक बांधा, उन्हानं रापलेला चेहरा, साडीवर पांढरे बूट. साडीचा पदर कमरेला एकदा खोचला की शाळा सुटेपर्यंत तो बाहेर येत नसे. माहेर राणीसावरगावच्या बाजूचं, घरी मेंढरं. लहानपणी दिवाळीनंतर आई-वडील कळप घेऊन बाहेर पडले की ह्याही मागून चालायच्या. पुढे मामानं शाळेसाठी घरी ठेवून घेतलं म्हणून शिकल्या. "मला पळायला कुणी शिकवलं न्हाई ताई," त्या मला सांगायच्या. "मेंढरू पळालं की मागं पळायचं, एवढंच." पण त्या दिवसांचं कौतुकही त्या करू देत नसत. एकदा मी म्हणाले, किती छान मोकळं बालपण. त्या तटकन म्हणाल्या, "छान काय त्यात? आमच्या पोरांची शाळा सुटली, कारण लय चालावं लागायचं. हितल्या पोरांचं चालणं सुटलं, कारण शाळा हाय. दोन्हीकडं पोरांचंच वाटोळं."

मी गणिताची. दहावीचे दोन्ही वर्ग माझ्याकडे. वेळापत्रकात प्रत्येक वर्गाला आठवड्यातून तीन तास खेळाचे होते, आणि दहावीच्या दोन्ही वर्गांचे ते सगळे तास मी घ्यायचे. त्यासाठी कुणाला विचारावं असं माझ्या मनातही येत नसे. आधीचे सर खुशाल स्टाफरूममध्ये पेपर वाचत बसायचे. देवकते मॅडम पहिले दोन आठवडे वर्गाच्या दारापर्यंत येऊन परत गेल्या. तिसऱ्या आठवड्यात त्या आत आल्या. मी फळ्यावर त्रिकोणमिती सोडवत होते.

"ताई, तास माझा हाय."

"दहावीचं वर्ष आहे मॅडम," मी पाठ न वळवता म्हणाले.

"दहावीच्या पोरांना पाय नसतेत का?"

मला राग आला. मी खडू ठेवला आणि म्हणाले, "विचारा मुलांनाच."

त्या वर्गाकडे वळल्या. "ज्याला खेळायला यायचंय त्यानं उठावं."

कुणी उठलं नाही. पन्नास-पंचावन्न मुलं वहीत डोकं घालून बसली. मला मनातून बरं वाटलं. देवकते मॅडम मला म्हणाल्या, "बगा ताई. उठायचंसुद्धा इसरलेत." आणि निघून गेल्या.

मी मुख्याध्यापकांकडे तक्रार केली. सरांनी त्यांना बोलावून समज दिली. निकाल महत्त्वाचा, शाळेचं नाव महत्त्वाचं, वगैरे. मला वाटलं, आता ह्या माझ्याशी बोलणार नाहीत. पण दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्या डबा घेऊन माझ्याच शेजारी येऊन बसल्या आणि भाकरीचा तुकडा मोडता मोडता म्हणाल्या, "ताई, तुमी हिशेबाच्या माणूस. तुमची मनवा दिवसभरात किती हालती, ते एकदा मोजा. मला सांगू नका. तुमचं तुमी मोजा."

मी मोजणार नव्हते. पण ते वाक्य काही केल्या डोक्यातून जाईना. शेवटी एका बुधवारी मोजलं. मुलगी माझ्याच शाळेत, माझ्याच स्कूटीवर येणारी. मोजायला अवघड काहीच नव्हतं. पलंगावरून न्हाणीघर, न्हाणीघरातून ताट, ताटावरून स्कूटी. शाळेत जिना. मग बाक. मधल्या सुट्टीत मैदानावर जायला जागा नाही, कारण निम्म्या मैदानात शिक्षकांच्या मोटारसायकली आणि मुलांना आणणाऱ्या व्हॅन उभ्या. मुली व्हरांड्यात भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. त्या दिवशी आठवीला खेळाचा तास होता, तो विज्ञानाच्या सरांनी घेतला. शाळा सुटल्यावर स्कूटीवरून शिकवणी. शिकवणीहून स्कूटीवर घर. मग अभ्यासाचं टेबल आणि त्यानंतर मोबाइल.

बेरीज सतरा मिनिटं आली. त्यात जिना धरला होता आणि संडासला जाणंही. मी ती बेरीज पुन्हा केली. बेरजेत चूक नव्हती. तेरा वर्षांच्या मुलीचा एक पूर्ण दिवस होता तो, आणि तिला तसा दिवस मी आखून दिला होता. त्यातला प्रत्येक तुकडा मी तिच्या भल्यासाठीच बसवला होता. दहावीच्या ज्या मुलांना मी मान वर करू देत नव्हते, त्यांच्या दिवसाची बेरीज करायचं धाडस मला झालं नाही.

मी देवकते मॅडमना सांगितलं. वाटलं होतं, हसतील. त्या हसल्या नाहीत. त्यांनी कपाटातून खेळाची नोंदवही काढली आणि माझ्यासमोर उघडली. तारीख, वर्ग, तासाची वेळ, असे छापील रकाने होते. त्यांनी शेवटी पट्टीनं आखून आणखी एक रकाना केला होता आणि त्यावर लिहिलं होतं, 'खरं'. त्या रकान्यात कुठे 'तास झाला नाही', कुठे 'बारा मिनिटं, नंतर मैदानात गाड्या', कुठे 'मुली उन्हात नको म्हणून आत बसवल्या'. दहावीसमोर प्रत्येक वेळी माझं नाव होतं. 'गणितासाठी दिला' असं नव्हतं लिहिलेलं. 'गणितानं घेतला' असं होतं.

"ही वही तपासणीला जाते मॅडम," मी म्हणाले.

"म्हणूनच लिव्हलं."

दिवाळीनंतर शाळेची तपासणी लागली आणि ही वही मुख्याध्यापक सरांच्या हातात पडली. त्यांचा आवाज स्टाफरूमपर्यंत आला. आम्ही तीन-चार जणी व्हरांड्यात उभ्या होतो. ते म्हणत होते की ही वही नव्यानं लिहून काढा, सगळे तास झाले असं दाखवा, सगळ्याच शाळा असंच करतात.

"लेखी द्या सर," देवकते मॅडमचा आवाज शांत होता.

"काय लेखी देऊ?"

"खोटं लिहा, असं. तुमच्या सहीनं. आत्ता बसून लिहिते."

सरांनी लेखी दिलं नाही. नवी वही कुणीतरी लिहिली. कोणी, ते मला माहीत आहे, पण तो बिचारा सांगितलं तेच करणारा माणूस. शिक्षकाच्या सहीच्या जागी एक फराटा मारला होता. तपासणी छान पार पडली.

त्यानंतरच्या शनिवारी पालकसभा होती. कापसाचे दिवस. शेजारच्या जिनिंग कारखान्यातून कापसाचे पुंजके उडत येऊन मैदानात टाकलेल्या खुर्च्यांवर बसत होते. संस्थेचे अध्यक्ष आले होते. त्यांनी भाषणात शाळेचा निकाल सांगितला, नव्या संगणकांचं सांगितलं आणि मग म्हणाले, "आमच्याकडे खेळाचा एकही तास बुडत नाही. तपासणीतही तसा शेरा मिळालेला आहे." टाळ्या पडल्या.

देवकते मॅडम मागच्या रांगेतून उठल्या. "सायेब, ती वही माझी न्हाई. त्यावरची सही माझी न्हाई. ह्या वर्षी खेळाचे निम्मे तासपण झाले न्हाईत."

सर घाईनं त्यांच्याजवळ गेले. "मॅडम, बसा. आणि पालकांसमोर निदान नीट भाषेत बोला."

"ह्याच भाषेत पोरं ऐकत्यात माझं. पालकबी ह्याच भाषेतले हायेत."

पालकांत कुजबुज सुरू झाली. एक गृहस्थ उठून म्हणाले, "आम्ही पोरं शिकायला पाठवतो. खेळायचं तर गल्लीत खेळतील."

"खेळत्यात का?" मॅडमनी विचारलं. "काल खेळला का तुमचा पोरगा? परवा?"

ते गृहस्थ शेजारी बसलेल्या बायकोकडे बघू लागले. ती म्हणाली, "शिकवणीहून यायलाच अंधार पडतो की." मग कोपऱ्यातल्या एका आईनं बसल्या जागेवरूनच सांगितलं, "आमची नववीत हाय. दोन मजले चढली की धाप लागती तिला. मी चाळिशीची, मला न्हाई लागत." कुणी हसलं, पण थोडंच.

अध्यक्षांचा चेहरा उतरला होता. ते म्हणाले, "मॅडम, आरोप करणं सोपं असतं. पुरावा काय? तास झाले नाहीत तर ते गेले कुठे?"

मी दुसऱ्या रांगेत होते. देवकते मॅडमना माझं नाव घ्यायला एक क्षण लागला असता. त्यांच्या वहीत ते पानोपानी होतं. त्यांनी घेतलं नाही. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. अध्यक्षांकडे बघत त्या तशाच उभ्या राहिल्या, हात पाठीमागे बांधून.

मी उठले. मी वीस वर्षं शिकवत होते, पण इतक्या मोठ्या माणसांसमोर कधी बोलले नव्हते. म्हणाले, "दहावीचे तास मी घेतले. जूनपासून सगळे. मॅडम तास घ्यायला यायच्या, मी सोडत नव्हते. माझी चूक आहे."

पुढची पाच मिनिटं काय झालं ते मला सलग आठवत नाही. विज्ञानाचे सर उठून "मीही घेतलेत" म्हणाले, एवढं आठवतं. पालक एकदम बोलू लागले. मोटारसायकली कुणाच्या, व्हॅन इथे कामून लावता, असे प्रश्न सुरू झाले. अध्यक्षांनी पाहतो, करतो म्हणून सभा आवरती घेतली.

दोन गोष्टी झाल्या. सोमवारपासून गाड्या मैदानाबाहेर गेल्या आणि पाचवी ते नववीचे खेळाचे तास दुसऱ्या विषयासाठी कुणी घ्यायचे नाहीत असं सूचनावहीत आलं. दहावीचं नाव त्या सूचनेत नव्हतं. आणि पंधरा दिवसांत देवकते मॅडमची बदली संस्थेच्या सोनपेठच्या शाळेत झाली. वर्षाच्या मध्यात. मला खुलासा मागणारं पत्र मिळालं. मी दोन ओळींचा खुलासा लिहिला.

बदलीचा कागद द्यायला सर स्वतः मैदानावर गेले. दुपारचा तिसरा तास, सहावीचा वर्ग. मॅडम मुलांना लंगडी घालायला लावत होत्या. लंगडीत मुलं धडाधड पडत होती, कारण कितीतरी जणांना एका पायावर दहा उड्यासुद्धा येत नव्हत्या. मी जिन्यातून बघत होते. सरांनी कागद पुढे केला.

"तास चालू हाय सर. संपू द्या."

"फक्त एक सही आहे."

"तास संपला की."

आणि त्या वळून एका पडलेल्या मुलीकडे गेल्या. तिला उठवलं, गुडघ्यावरची माती झटकली, परत वर्तुळात ढकललं. सर कागद हातात धरून ऊन खात उभे राहिले. जायचं तर अपमान, थांबायचं तर त्याहून मोठा. घंटा होईपर्यंत ते थांबले. मुलं रांगेनं वर गेल्यावर मॅडमनी कागद घेतला, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला आणि सही केली.

मी त्यांना स्टँडवर सोडायला गेले. बॅग खाली ठेवताना मला रडू फुटलं. म्हणाले, "माझ्यामुळे झालं हे. मी तेव्हा तक्रार केली नसती तर..."

"तुमी उठलात की सभेत," त्या म्हणाल्या. मग बॅग उचलता उचलता, "आन् रडायला काय झालं ताई? सोनपेठला पोरं न्हाईत का? तिथं तर म्हणे मैदानच न्हाई. लय काम हाय." एसटी लागली. त्या चढल्या, खिडकीशी बसल्या आणि शेजारच्या प्रवाशाला सोनपेठच्या शाळेमागे पडीक जागा आहे का, ते विचारू लागल्या.

त्यांच्या जागी कुणी आलं नाही. पुढच्या गुरुवारी चौथ्या तासाला दहावीच्या वेळापत्रकात खेळ होता. सरांनी सकाळीच मला निरोप दिला, "सराव परीक्षा जवळ आली, तास तुम्हीच घ्या." मी वर्गात गेले. मुलांनी आपोआप गणिताच्या वह्या काढल्या.

"वह्या ठेवा. खाली चला."

कुणी हललं नाही. एका मुलीनं भीत भीत विचारलं, "मॅडम, काय चुकलं आमचं?"

मी दाराशी जाऊन उभी राहिले आणि एकेकाला हातानं बाहेर काढलं. मैदानात उतरल्यावर ती मुलं उन्हात डोळे बारीक करून घोळक्यानं उभीच राहिली. मलाही कुठला खेळ नीट घेता येत नव्हता. मी पदर कमरेला खोचला आणि म्हणाले, "शिवाशिवी. राज्य माझ्यावर." क्षणभर त्यांचा विश्वास बसला नाही. मग मी एकाच्या अंगावर धावून गेले आणि ओरडत, आपटत, एकमेकांना ढकलत सगळा घोळका फुटला. दोन मिनिटांत मला दम लागला, छातीत कळ आली, पण मी थांबले नाही.

वरच्या मजल्यावरच्या कार्यालयाची खिडकी उघडली. "मॅडम," सरांचा आवाज सगळ्या मैदानाला ऐकू गेला, "काय चाललंय हे?"

"तास चाललाय सर!"

"कसला तास?"

"वेळापत्रकात लिहिलाय तो!" मी ओरडून सांगितलं आणि पुढच्याला शिवायला पुन्हा धावले.