शुक्रवारी लिहिलेलं शनिवारचं गाणं

वाल्मीक पिंगळे अंबडच्या एका कारखान्यात लेथ चालवायचा आणि दर रविवारी नाशिकच्या एका दैनिकाच्या पुरवणीत 'कानोसा' नावाचं सदर लिहायचा. यातल्या कोणत्या कामाचा त्याला अभिमान होता, ते गेटवरच्या वॉचमनलाही ठाऊक होतं. जेवणाच्या सुट्टीत एका हातात भाकरी आणि दुसऱ्या हातात पेन. जॉब कार्डाच्या कोऱ्या बाजूवर लेख उतरायचा. मिरवणुकीतले कानठळ्या बसवणारे स्पीकर, रिमिक्सच्या कॅसेटी, केबलवाल्यांची दादागिरी, गोदाघाटावर ओतलेलं सिमेंट, कशावरही त्याला मत होतंच. नसलं तर शुक्रवारपर्यंत यायचं. मशीनवरचे लोक 'संपादक' म्हणून चिडवायचे आणि हा बाबा मनातल्या मनात फुलायचा.

मात्र गोजराबाईंवर लिहिताना त्याचा तोरा गळून पडायचा. गोजराबाई विधाते मखमलाबादच्या मळ्यात मेथी-कोथिंबीर पिकवायच्या, सकाळी घाटावरच्या बाजारात विकायच्या आणि शनिवारी मारुतीच्या देवळात बायकांच्या भजनात गवळणी म्हणायच्या. वाल्मीकने पहिल्यांदा ऐकलं ते ब्याण्णव साली. चपला घालून निघालेला माणूस पायरीवरच बसला आणि तासभर उठलाच नाही. पुढच्या रविवारी त्याने लिहिलं, की शहरात तिकीट काढून जे ऐकायला मिळत नाही ते आमच्याकडे भाजीच्या पाटीशेजारी बसलंय.

गोजराबाईंना वाचता येत नव्हतं. मुलगी मंजुषा शाळेत होती, तिने कात्रण वाचून दाखवलं. पन्नाशीला टेकलेल्या त्या बाईला आपण 'गातो' हे तेव्हा पहिल्यांदा कळलं. तोवर गाणं म्हणजे निंदणीसारखंच एक काम, हात चालू लागले की तोंड चालायचं. पुढे वाल्मीकने त्यांच्यावर सात-आठ लेख लिहिले. मंजुषाने प्रत्येक लेख तीनतीनदा वाचला. वाल्मीक बाजारात दिसला की गोजराबाई पाटीतली सगळ्यात ताजी जुडी काढून द्यायच्या.

याच माणसाने त्यांचं वाटोळं केलं. प्रेमाने केलं, हे खरं, पण त्याने काही कमी होत नाही.

दोन वर्षं त्याने एका सांस्कृतिक मंडळाच्या मागे लकडा लावला, सदरात चिमटे काढले, तेव्हा कुठे सत्त्याण्णवच्या डिसेंबरात मंडळाने गोजराबाईंना सभागृहात एक संध्याकाळ दिली. वार शनिवार. इथे पेपरवाल्यांची एक रीत सांगायला हवी. रविवारची पुरवणी शनिवारी दुपारीच छापून होते आणि तिची पानं शुक्रवारीच जुळवून तयार असतात. त्यामुळे पुरवणीत 'काल' म्हणून जे छापतात ते बहुतेक वेळा परवाच लिहिलेलं असतं. सगळेच लिहायचे आणि ते सहसा खपून जायचं. पुरवणी बघणारा रविराज म्हणाला, "वाल्मीकराव, कार्यक्रम तुमच्यामुळे होतोय. पुढच्या रविवारी लेख छापला तर शिळा. आत्ताच देऊन टाका."

वाल्मीकने दिला. त्याला खोटं लिहितोय असं वाटलंही नाही. शंभरदा ऐकलेला आवाज, वर चढताना त्या कुठे श्वास घेतात तेसुद्धा पाठ. देवळातलं सगळं ऐकलेलं त्याने सभागृहात नेऊन ठेवलं आणि शेवटी ठोकून दिलं, की टाळ्या थांबेनात, लोक उभे राहिले.

शनिवारी गोजराबाई नवं लुगडं नेसून आल्या. देवळात त्या उभ्या असायच्या, हातात टाळ, पाठीशी ओळ उचलून झील धरणाऱ्या दहा बायका. इथे त्यांना एकटीला गादीवर बसवलं, टाळ काढून घेतले आणि तोंडावर दिवे सोडले. शहरातल्या पेटीवाल्याने आपल्या सोयीची पट्टी धरली. पहिली गवळण कशीबशी झाली. दुसरीत वर जाताना आवाज चिरला. पुन्हा घेतला, पुन्हा चिरला. मग त्यांनी हात जोडले, "मला नाय जमायचं," म्हणाल्या आणि पदर सावरत आत गेल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या, कीव येऊन वाजवतात तशा.

वाल्मीक तिसऱ्या रांगेत होता. तो धावत बाहेर आला आणि समोरच्या एसटीडी बूथवरून, लेख थांबवा म्हणून, रविराजला फोन केला.

"अहो, पुरवणीचे पार लांबच्या नामपूरचे गठ्ठेसुद्धा कधीच गेले," रविराज म्हणाला. "आणि कोण एवढं लक्ष देतंय? छान उतरलाय लेख."

ज्यांनी लक्ष द्यायचं त्या गोजराबाईंनी दिलंच. सोमवारी वाल्मीक मान खाली घालून घाटावर गेला, तेव्हा शेजारच्या पाटीवरची लंकाबाई हसत होती, "काय गं गोजरे, पेपरात तर टाळ्या थांबंनात म्हनं!" गोजराबाई कोथिंबिरीच्या जुड्या बांधत होत्या.

"मंजूनं वाचलं मला," त्या म्हणाल्या. "तू आला व्हता ना रं? मी पाह्यलं तुला."

वाल्मीकने सगळं सांगितलं, शुक्रवारचं, पानांचं, गठ्ठ्यांचं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"म्हंजी न ऐकताच लिवलं."

"हो मावशी. चुकलो मी."

"मंग आदूगरचं?"

"ते ऐकून लिहिलं होतं, मावशी! देवाशपथ सांगतो. एकेक शब्द ऐकून लिहिला होता."

त्यांनी त्याच्याकडे नीट बघितलं. रागवल्या असत्या तर बरं झालं असतं. "असंल बाबा," म्हणाल्या आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळल्या.

त्या आठवड्यात वाल्मीकने खुलासा लिहायला घेतला. पण खरं लिहायचं तर बाईंचा आवाज भर सभेत फुटला हे लिहावं लागणार. सभागृहात असतील तीनशे माणसं, पेपर जिल्हाभर जाणार. म्हणजे स्वतःचं पाप धुवायला पुन्हा त्यांचीच अब्रू. चार वेळा लिहिलं, चार वेळा फाडलं. आयुष्यभर मतं वाटत फिरलेल्या माणसाला हे एक वाक्य लिहिता आलं नाही. सदर पुढे पाच वर्षं चाललं, रस्ते, खड्डे, राजकारण, पण गाण्याबद्दल त्याने अवाक्षर काढलं नाही. गोजराबाई देवळात जात राहिल्या. मागच्या रांगेत बसून टाळ वाजवायच्या. तोंड मिटलेलं.

दोन हजार दोन साली मंजुषाचं लग्न ठरलं. वाल्मीकला आग्रहाचं बोलावणं होतं, तो हळदीला गेला. मांडवात जातं पुजलं होतं आणि बायका भोवती बसल्या होत्या. जात्यावरची पहिली ओवी नवरीच्या आईने म्हणायची. सगळ्या थांबल्या. मंजुषा म्हणाली, "आई, आजच्या दिवस तरी म्हन."

गोजराबाईंनी खुंट्याला हात लावला. ओठ हलल्यासारखे झाले. वाल्मीकचा जीव कानांत आला. मग त्यांची नजर वर गेली, बायकांच्या डोक्यांवरून, थेट त्याच्याकडे. तीत राग नव्हता. हात काढून घेत त्या म्हणाल्या, "त्या वाल्मीकला सांगा. माझं गानं त्याला माझ्याबिगर येतं."

बायकांना वाटलं, नवरीची आई थट्टेच्या भरात आहे. सगळ्या खळखळून हसल्या, कुणा चुलतीने ओवी धरली आणि जातं फिरू लागलं.