गाण्यातला बैल पाण्यात राहिला

आमच्या गाण्याला गावात 'इंग्रजी भजन' म्हणत. म्हणोत बिचारे. गिटार दिग्रसच्या एका मेकॅनिकच्या पोराची, डफडं शेजारच्या काकांचं आणि आवाज माझा, असं आमचं तिघांचं कडबोळं होतं. मेकॅनिकचा पोरगा माझ्याच कॉलेजातला, माझ्याइतकाच रॉकने झपाटलेला. त्याच्या गिटारचा भोंगा ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चालायचा, कारण विजेचा काही भरवसा नव्हता.

गाणं केलं होतं शाळेतल्या एका जुन्या चित्रांच्या पुस्तकावरून. आमच्या वयाच्या पोरापोरींनी वाचून वाचून त्याची पार गोधडी केली होती. त्यातला लहानगा बैल आपली हरवलेली घंटी शोधायला एकटाच निघतो. रूळ ओलांडतो, जंगल ओलांडतो आणि शेवटी नदीत उतरतो. मी त्याला वऱ्हाडी बोलायला लावलं आणि चाल धरली पोळ्यातल्या झडतीची. झडती म्हणजे तोरणाखाली बैलांसमोर उभं राहून खणखणीत म्हणायच्या ओळी. आमचा बैल नदीत उतरला की आम्ही झडतीच्या शेवटी असतो तसाच महादेवाचा गजर टाकला होता. गिटारवर तो असा उठायचा, की काय सांगू बाप्पा!

यवतमाळला गाण्याची स्पर्धा होती आणि मला जायचंच होतं. मी भांडी आपटली, दोन वेळा जेवले नाही, पण बाबा हलेनात. लोक हसतील, एवढंच त्यांचं पालुपद. शेवटी वैतागून त्यांनी अट घातली, की आधी पोळ्यात गावापुढे म्हण.

"लोकायनं शेवटपर्यंत आयकलं तं जाय. नाही आयकलं तं त्या गाण्याचं नाव नोको काढू."

कापसाने त्या वर्षांत सगळ्यांचंच तोंड कडू केलं होतं. कित्येकांनी जोड्या विकल्या होत्या, तोरणाखालची रांग आखडली होती. बाबांनी आमच्या बैलांच्या पाठीवर गेरूने 'कापसाले भाव द्या' लिहिलं होतं. पण शिंगांना बेगड होती, झुली धुतलेल्या होत्या, हौस काही आटली नव्हती.

आम्ही सुरू केलं. पहिल्या कडव्याला लोक हसले, दुसऱ्याला गप्प झाले. तिसऱ्यात बैल नदीत उतरला, पाणी गळ्याला लागलं, काका डफड्यावर भरात आले आणि आम्ही गजर टाकला. अख्ख्या मैदानाने तो उचलला. तोरणाची दोरी धरून उभ्या असलेल्या माणसाला वाटलं, शेवटची झडती झाली. त्याने दोरी ओढून तोरण तोडलं. फुटला पोळा! बैल सुटले, त्यांच्यामागे माणसं सुटली, बॅटरीची वायर कुणाच्या तरी पायात येऊन भोंगा आडवा झाला. घटकाभरात मैदानात उरलो आम्ही तिघं आणि शेण.

शेवटचं कडवं राहिलंच. म्हणजे अट हरले. मी तिथेच रडायला बसले, मेला तो दोरीवाला म्हणून त्याचा उद्धार केला. बाबा हसू दाबत जोडी घेऊन दारोदार पूजेला निघाले, तशी मी फुगून मागे चालू लागले.

पहिल्याच दारातल्या काकूंनी बैलांच्या पायांवर पाणी घालता घालता मान वर केली.

"काहो भाऊजी, तो बैल पाण्यातून निंगाला का नाही?"

बाबांना काय ठाऊक? ते शाळेत जायच्या वयात ढोरांमागे गेलेले. त्यांनी माझ्याकडे बोट केलं. मी धुसफुसतच म्हटलं, बैल पाण्यातच आहे आणि तो तिथेच राहणार. काकू माझ्यावर चांगल्याच उखडल्या.

"सणाच्या दिवशी बैल पाण्यात ठेवतं काय वं?"

मग म्हटलं तिथेच, गिटारशिवाय. भर पाण्यात बैलाला घंटी ऐकू येते. ती सापडलेली असते त्याच्या धन्याला, आणि धनी काठावर उभा राहून ती वाजवत असतो. बैल आवाजाच्या रोखाने पोहत येतो. काकूंनी पदराने डोळे टिपले आणि बैलाला आणखी एक पुरणपोळी भरवली. पुढच्या दारात तोच प्रश्न. त्याच्या पुढच्याही. पोरं शेवट सांगून मोकळी झाली होती, पण बायांना तो गाऊनच हवा होता. मला इतका आनंद झाला की घसा बसला तरी मी थांबेना.

आमच्या दारात आई आरती घेऊन आली. पुरणाच्या गडबडीत तिने काहीच ऐकलं नव्हतं. माझा तर आवाज पार गेला होता. बाबांनी कासरा माझ्या हातात दिला, खाकरले आणि ते कडवं स्वतःच म्हटलं. चालीचं पार वाटोळं केलं, पण शब्द एक चुकला नाही. काठावरच्या धन्याची ओळ त्यांनी दोनदा म्हटली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "जाय."

स्पर्धेत आमचा नंबर आला नाही. तोंड पाडून परत निघालो. संध्याकाळी एसटी दिग्रसच्या स्टँडात शिरली, तर फलाटावर बाबा उभे. भर गर्दीत, सगळे बघत असताना, आमच्या बैलाची घंटी वाजवत.