भिवाचं अळणी व्रत

भिवा शटरिंगच्या कामात वाघ, पण देवापुढे मांजर. अठ्ठ्याण्णव सालच्या ऑगस्टात सगुणेचे दिवस भरत आले आणि यानं आखातात, मुहैस्नाहच्या मजूर-कॅम्पात बसून गावदेवीला शब्द दिला: बायको सुखरूप सुटेपर्यंत मीठ वर्ज्य. साइटवर घाम असा, की वाळलेल्या शर्टावर मिठाचे नकाशे उठायचे, आणि हा अळणी डाळ गिळायचा. खोलीचा स्वयंपाकी दौलत करवादायचा, "देवीनं मागितलं होतं का रे?" पण डाळ वेगळी काढायचा.

नवव्या दिवशी दुपारच्या सुट्टीत भिवा डोकं धरून आला. ओकला. ऊन लागलं समजून दौलतनं मोठ्या मायेनं तांब्यामागून तांब्या पाणी पाजलं. थोड्या वेळानं भिवा त्यालाच म्हणाला, "रंभाआक्का, म्हैस आत बांध." दौलत हसला. मग भिवाचे डोळे फिरले आणि दौलतनं त्याला खांद्यावर टाकून दवाखाना गाठला.

दवाखान्यात प्रमिला सिस्टर आपल्या साताऱ्याकडच्या. "काय पाजलंत?"

"नुसतं पाणी, ताई. चांगलं गार."

"आणि मीठ?"

"ते त्यानं सोडलंय."

ताईंनी कपाळाला हात लावला. "घामातून होतं तेवढं मीठ गेलं, वर तुम्ही पाणी ओतलंत. मनुका पाण्यात टाकल्या की काय होतं?"

"फुगतात."

"रक्तातलं मीठ उतरलं की पाणी पेशींत शिरतं, त्याही तशाच फुगतात. हातापायांत फुगायला जागा असते. मेंदू कवटीत कोंडलेला, तो कुठे जाणार?"

कैरीला मीठ चोळलं की पाणी बाहेर येतं, हे दौलतला ठाऊक होतं. उलटा खेळ त्याच्याच तांब्यानं केला होता. सलाइनमधून मिठाचं पाणी थेंब थेंब उतरत होतं.

"जरा जोरात सोडा ना, ताई."

"नको. एकदम मीठ वाढलं तर पेशी आकसतील. तेही वाईटच."

सकाळी भिवानं डोळे उघडले. "दौल्या, तोंड का असं माकडासारखं?" दौलतला आयुष्यात इतकी गोड शिवी कुणी दिली नव्हती.

"बाटलीत काय आहे?"

"मीठ."

भिवा उठायला लागला. ताईंनी दाबून झोपवला. "तोंडात गेलं का?"

"नाही."

"मग व्रत मोडलं नाही. पण आता देवीला दुसरं काहीतरी द्या."

भिवानं बराच विचार करून साखर दिली. बिनसाखरेचा चहा पिताना त्याचं तोंड बघवत नसे. पंधरा दिवसांनी फोन आला: मुलगी झाली, सगुणा सुटली.

"मीपण सुटलो," भिवा म्हणाला. "यल्ला, चल दौल्या, चहा टाक. चार चमचे."